मिशनच्या शाळेची जुनी इमारत नव्याने बांधायची आहे? आधी सातबारा काढा

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत चर्चने चालवलेली जुनी माध्यमिक शाळा बघायला गेलात, तर आधी मान वर करून आढ्याकडे बघा. दगडी जोतं, मातीत रचलेल्या भिंती, वर मंगळुरी कौलं. वाशात नख रोवलं की वाळवीचा भुसा गळतो, आणि त्याच वाशाखाली दहावीचा वर्ग भरलेला असतो. अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. ज्या घरांतल्या मुलांना दुसरीकडे ओट्यावरही बसू देत नव्हते, ती मुलं मिशनच्या शाळांत शिकली. म्हणून या इमारती पडू द्यायच्या नाहीत, असं मला मनापासून वाटतं. माझा अनुभव असा, की पैसा उभा राहतो. काम अडतं ते कागदांवर.

पहिला कागद सातबारा. एका शाळेच्या कामात तलाठ्याने उतारा छापून दिला, तर कब्जेदाराच्या रकान्यात परदेशी मिशनचं जुनंच नाव. धर्मादाय कार्यालयातल्या परिशिष्ट १ वर, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणीच्या उताऱ्यावर, दुसऱ्या ट्रस्टचं नाव, आणि पॅन कार्ड शाळा चालवणाऱ्या तिसऱ्याच संस्थेचं. मदत द्यायला आलेले लोक तिन्ही कागद शेजारी ठेवून बघत राहिले आणि परत गेले. चूक आमची होती. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक मंडळ्या, म्हणजे वेगवेगळी चर्चेस, एकत्र आल्या. बऱ्याच ठिकाणी माणसं एक झाली, पण फेरफार नोंदी मागेच राहिल्या. तेव्हा सातबारा, फेरफार, परिशिष्ट १ आणि पॅन यांवर एकच नाव येईपर्यंत आर्किटेक्टलाही बोलावू नका.

नाव जुळवण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ खाली बदल अर्ज करावा लागतो. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. वारलेल्या विश्वस्तांची नावं वर्षानुवर्षं तशीच असतील, तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. आणखी दोन गोष्टी विश्वस्तांना हमखास ठाऊक नसतात. बांधकामासाठी कर्ज काढायचं, तर कलम ३६अ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते. आणि ‘थोडी जागा बिल्डरला देऊ, तो शाळा बांधून देईल’ असं कुणी सुचवलं, तर कलम ३६ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय विक्री, अदलाबदल, बक्षीस काहीच करता येत नाही. बिगरशेती जागेचा तीन वर्षांवरचा भाडेपट्टासुद्धा नाही.

मग इमारतीचे कागद. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा तपासणी अहवाल, मोजणीचा नकाशा, बिगरशेती आदेश, आर्किटेक्टचा नकाशा आणि अंदाजपत्रक, ट्रस्टच्या सभेचा ठराव. जागा गावठाणात असेल तर बांधकाम परवानगीचा अर्ज ग्रामपंचायतीकडे, बाहेर असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. नव्या नकाशात रॅम्प, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि कुंपण पहिल्यापासून दाखवा.

बांधकाम चालू असताना वर्ग कुठे भरणार, हे जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवून तात्पुरत्या स्थलांतराची परवानगी घ्या. इथे एक कळकळीची विनंती. झावळ्यांचा किंवा कापडाचा मांडव घालून मुलं बसवू नका. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत गवती छपराला आग लागली आणि ९४ मुलं गेली. चर्चचा हॉल, समाजमंदिर, नाहीतर दोन पाळ्यांत शाळा, यातलं काहीही चालेल. हॉलला दोन मोठी दारं असावीत आणि शाळेच्या वेळात ती उघडी असावीत.

पैशाचे मार्ग वेगवेगळे आहेत. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाची पायाभूत सुविधांसाठी अनुदान योजना आहे. शासनमान्य खाजगी शाळेत किमान ७० टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाचे हवेत. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियोजन शाखेत जातो. मोजताना फक्त ख्रिस्ती मुलं धरू नका. बौद्ध, मुस्लिम, जैन, शीख, पारशी हेही यात येतात, आणि आपल्याकडच्या शाळांत बौद्ध मुलं पुष्कळ असतात. जनरल रजिस्टरमध्ये लिहिलेला धर्मच ग्राह्य धरतात, म्हणून अर्जाआधी मुख्याध्यापकांनी रजिस्टर घेऊन बसावं. या अनुदानातून डागडुजी, स्वच्छतागृह, प्रयोगशाळा होईल. अख्खी इमारत होणार नाही.

कंपनीचा सामाजिक दायित्व निधी हवा असेल, तर ट्रस्टकडे १२एबी आणि ८०जी या आयकर नोंदण्या आणि सीएसआर-१ क्रमांक, म्हणजे असा निधी घेण्यासाठीची केंद्राकडची नोंदणी, लागते. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल तयार ठेवा. ८०जी असली की माजी विद्यार्थ्यांनाही करसवलतीची पावती देता येते.

परदेशातल्या मंडळीकडून मदत येणार असेल, तर केंद्रीय गृह मंत्रालयाची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी. त्यासाठी संस्थेला तीन वर्षं पूर्ण झालेली असावीत आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेला असावा. हे बसत नसेल, तर एका ठरावीक देणगीपुरती पूर्वपरवानगी मागता येते. सोबत देणगीदाराचं वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल जोडावा लागतो. पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच आले पाहिजेत. आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. ‘डायोसिसकडे (बिशपच्या प्रांत कार्यालयाकडे) नोंदणी आहे, ते घेतील आणि आपल्याला देतील’ हा जुना रस्ता बंद झाला आहे. जागा ज्या ट्रस्टची, नोंदणीही त्याच ट्रस्टची असेल तर मनस्ताप वाचतो. सातबाऱ्यावरचं नाव इथेही आडवं येतं ते असं.

जुनी इमारत उतरवताना सागवानी वासे आणि कौलं निघतात, आणि त्यांना गिऱ्हाईक लगेच येतं. विकण्याआधी ठराव करा, दोन-तीन दर लेखी मागवा आणि रक्कम ट्रस्टच्या खात्यात जमा करा. मंडळीतली भांडणं मोठ्या देणगीवरून कमी आणि अशा लाकडांवरून जास्त होतात. बांधकाम पुरं झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला घ्या, यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नव्या खोल्यांची नोंद करा आणि त्याची एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोचवून पोच घ्या.