अतिथी-अनुभव (नवी मुंबईतील आदरातिथ्य व्यवसाय)

हॉटेल, लॉज, अतिथिगृह किंवा मंगल कार्यालय सोडून गेल्यावर पाहुण्याच्या मनात तिथल्या वास्तव्याची जी आठवण उरते, तिला आदरातिथ्य व्यवसायात अतिथी-अनुभव म्हणतात. खोली, गादी, जेवण, भाडे हे सगळे त्यात येतेच. तरी आठवण पक्की होते ती आपली दखल कोणी आणि कोणत्या वेळी घेतली यावरून. नवी मुंबईत या कौशल्याला वेगळे वळण मिळाले, कारण इथे मुक्कामाला येणारा माणूस सहसा सहलीला आलेला नसतो.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली आणि खाडीपलीकडचे शहर घरे, कारखाने, कार्यालये व घाऊक बाजार यांसाठी आखले गेले. त्यामुळे हॉटेलच्या काउंटरवर उभे राहणारे पाहुणेही तसेच: ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात यंत्र बसवायला आलेला अभियंता, तुर्भ्याच्या बाजार समितीत हिशेब मिटवायला आलेला कांद्याचा व्यापारी, लग्नासाठी आलेले व्याही, आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संस्थेत तपासणीसाठी आलेले कुटुंब. वाशीत केरळ हाऊस, आसाम भवन, ओडिशा भवन अशी परराज्यांची अतिथिगृहे आहेत. उपचारासाठी दूरवरून येणाऱ्यांना अशा जागांचा मोठा आधार असतो. पाहुणा कशासाठी आला आहे हे ओळखणे ही इथल्या यजमानाची पहिली कसोटी आहे. बायॉप्सीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या माणसाच्या गळ्यात हार घालून ‘आपला मुक्काम आनंददायी होवो’ म्हणणे हे आदरातिथ्य नव्हे. त्या कुटुंबाला लिफ्टजवळची खोली हवी असते, औषधे ठेवायला फ्रिज हवा असतो, अवेळी मऊ खिचडी किंवा पेज मिळावी असे वाटते. डॉक्टरांची तारीख पुढे गेली तर मुक्काम दोन दिवस वाढवायला कोणी कपाळाला आठ्या घालू नयेत, ही सर्वांत मोठी अपेक्षा असते. यातल्या बहुतेक गोष्टींना खर्च जवळपास नाही. खोली देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा लागतो, एवढेच.

पाहुण्याचा अनुभव दारात पाऊल ठेवण्याच्या आधीच सुरू होतो, आणि या शहरात तो अनेकदा तिथेच बिघडतो. शहर नोड (वाशी, नेरूळ, खारघर असे मोठे भाग) आणि त्यांतल्या सेक्टरमध्ये विभागलेले आहे, पण सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये पुन्हा एकपासून सुरू होतात. सेक्टर १७ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि खारघरमध्येही आहे. नुसते ‘सेक्टर १७’ सांगून रिक्षात बसलेला नवखा माणूस भलत्याच ठिकाणी उतरू शकतो. महामार्गालगतच्या हॉटेलांची अडचण निराळी: इमारत समोर दिसते, पण ती पलीकडच्या बाजूला असते आणि वळण पुढच्या पुलाखाली मिळते. म्हणून जाणते व्यवस्थापक आदल्या दिवशी नोडचे नाव, जवळचे स्थानक, स्थानकाची पूर्व किंवा पश्चिम बाजू आणि रिक्षावाल्याला कळेल अशी खूण पाहुण्याला कळवतात. बॅगा घेऊन तासभर फिरलेल्या माणसाला लॉबीतले सरबत गोड लागत नाही.

आठवण कशी घडते, याचा अभ्यास मानसशास्त्रात झाला आहे. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांनी एकदा १४ अंश सेल्सिअसच्या थंडगार पाण्यात ६० सेकंद हात धरला. दुसऱ्यांदा तेवढेच सोसून आणखी ३० सेकंद हात पाण्यातच ठेवला, मात्र त्या वेळात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत नेले होते. यातले काय पुन्हा कराल, असे विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचा त्रास निवडला, कारण त्याचा शेवट थोडा सुसह्य होता. अनुभवाची सरासरी मनात राहत नाही. त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट राहतो. हॉटेलात हा शेवट चेक-आऊटच्या वेळी येतो, आणि नेमके तिथेच बहुतेक ठिकाणी दुर्लक्ष होते: बिलाला उशीर, मिनीबारवरून (खोलीतल्या पेये-खाऊच्या छोट्या फ्रिजच्या हिशेबावरून) वाद, टॅक्सीचा पत्ता नाही. बिलात परस्पर सेवाशुल्क लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढली; दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती ग्राह्य धरली. पाहुण्याने स्वखुशीने बक्षिसी द्यावी आणि ती नाही दिली तरी निरोप तितकाच अगत्याचा असावा, हे चांगल्या हॉटेलात कायद्याआधीपासून पाळले जाते.

शहराचा सगळ्यात मोठा गर्दीचा दिवस नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या कार्यक्रमाचा. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाचे कार्यक्रम झाले तेव्हा आसपासच्या खोल्यांचे दर गगनाला भिडले. मागणीनुसार दर वाढवणे व्यवसायात मान्य आहे. पण चौपट भाडे घेऊन नेहमीचाच थंड नाश्ता पुढे केला, तर पाहुण्याला आठवते ते भाडेच. २ नोव्हेंबर २०२५ रोजी इथे झालेल्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले. पावसाने उशिरा सुरू झालेला तो सामना मध्यरात्रीच्या सुमारास संपला. अशा रात्री दीड-दोन वाजता उपाशी आणि आनंदाने बेभान झालेली माणसे खोलीवर परततात. त्या वेळी स्वयंपाकघर बंद असेल, तर दिवसभराची सगळी सेवा वाया जाते. गरम पुलाव किंवा अंडा-पाव देणारा एक आचारी रात्रपाळीला ठेवला तर तीच रात्र माणसे वर्षानुवर्षे सांगत राहतात. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाल्यावर पहाटे निघणाऱ्या पाहुण्यांसाठी बांधून दिलेला नाश्ता आणि वेळेवर उठवणारा फोन यांनाही तेवढेच महत्त्व आले आहे.

चूक झाल्यावर काय करावे, हा या विषयाचा वादाचा भाग आहे. तक्रार उत्तम रीतीने निस्तरली तर पाहुणा आधीपेक्षा अधिक खूश होतो, असा एक सिद्धांत १९९० च्या दशकात मांडला गेला. पुढे २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा समाधान वाढलेले दिसले, पण पुन्हा येण्याची इच्छा वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे निस्तरण्याच्या भरवशावर निष्काळजी राहता येत नाही. रिट्झ-कार्लटन या हॉटेलसमूहाने एका पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कोणत्याही कर्मचाऱ्याला वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्चाची मुभा दिल्याचे उदाहरण जगभर शिकवले जाते. वाशीतल्या ३० खोल्यांच्या लॉजला ती रक्कम परवडणार नाही. पण एसी बंद पडला तर रात्री दोन वाजता खोली बदलून देण्याचा अधिकार काउंटरवरच्या मुलाला नक्कीच देता येतो. ‘साहेब सकाळी येतील’ हे उत्तर ऐकून पाहुण्याचा जितका संताप होतो, तितका बंद एसीने होत नाही.

मंगल कार्यालयांत आदरातिथ्याची जुनी रीत टिकून आहे. पंगतीतला आग्रह हा मराठी यजमानपणाचा प्राण होता. बुफे आल्यावर तो हरवला, असे म्हातारी माणसे म्हणतात आणि ते खरे आहे. काही कार्यालये आता बुफेबरोबर ज्येष्ठांसाठी एक छोटी पंगत मांडतात, वाढपी नावाने विचारपूस करतात. त्या कार्याची आठवण दोन्ही घरांत निघते. आगरी-कोळी कुटुंबांत हळदीला सारा गाव जेवतो. तांदळाची भाकरी, मटण, खाडीतल्या चिंबोऱ्या आणि निवट्या वाढताना पाहुण्याचे ताट रिकामे दिसू नये, याची जबाबदारी घरातल्या तरुणांवर असते. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले, त्यांच्या गावठाणातला हा पाहुणचार कोणत्याही प्रशिक्षण-पुस्तिकेपेक्षा श्रीमंत आहे, आणि शहरातल्या हॉटेलांनी तो अजून पुरेसा पाहिलेला नाही.

आवडीनिवडींच्या नोंदी संगणकात ठेवण्याची पद्धत आता लहान हॉटेलांतही आली आहे: जैन जेवण, चतुर्थीचा उपवास, दोन उशा, खिडकीची खोली. अशी नोंद उपयोगी पडते. पण पाहुण्यासोबत मागच्या खेपेला कोण होते, हे काउंटरवर उच्चारणे अक्षम्य आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये देशात स्वतंत्र कायदाही झाला आहे. नोंदी ठेवणारे आणि त्या वापरणारे हात शेवटी पाळीवरच्या माणसांचे असतात. पाहुण्यांना वाढणाऱ्या वेटरला स्वतः मात्र शिळे जेवण मिळत असेल, किंवा रात्रपाळी संपल्यावर हार्बरची पहिली लोकल येईपर्यंत फलाटावर बसावे लागत असेल, तर त्याच्याकडून मनापासूनच्या हसण्याची अपेक्षा धरता येत नाही. म्हणून हॉटेल निवडताना कंपन्यांच्या वतीने खोल्या ठरवणारे अनुभवी लोक खोल्यांबरोबर कर्मचाऱ्यांचे भोजनगृह आणि विश्रांतीची जागाही पाहून येतात.