कोळशाच्या शहरात गोठलेले नळ

कझाकस्तानातलं एकिबास्तुझ हे कोळशावर वसलेलं शहर. शेजारी कोळशाच्या अवाढव्य उघड्या खाणी. परिसरातल्या एका वीजकेंद्राची ४१९.७ मीटर उंच चिमणी जगात सर्वांत उंच! याच शहराचं उष्णता पुरवणारं केंद्र २७ नोव्हेंबर २०२२ रोजी बिघडलं. तापमान उणे ३० अंशांच्या आसपास होतं आणि हजारो घरांतली ऊब गेली.

अशा शहरांत वीज तयार करताना उरणारी उष्णता पाण्याला देतात. ते पाणी जमिनीखालच्या नळांतून इमारतींत जातं, भिंतीलगतच्या, खोली तापवणाऱ्या रेडिएटरांतून फिरतं आणि निवून केंद्राकडे परततं. ते फिरत राहणं महत्त्वाचं. प्रवाह मंदावला, की आडबाजूच्या नळांत पाणी गोठू लागतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. फुगायला जागा नसेल तर ओतीव लोखंडही तडकतं. म्हणून नुसतं केंद्र दुरुस्त करून भागत नाही. इमारत-इमारत हिंडून गोठलेले नळ मोकळे करावे लागतात, फुटलेले रेडिएटर बदलावे लागतात. एकिबास्तुझमध्ये हे काम पुढे कितीतरी दिवस चाललं.

नळ ऐन कडाक्यात फुटतात, त्यालाही कारण आहे. थंडी वाढली की पाणी जास्त तापवावं लागतं, नळ प्रसरण पावतात, सांध्यांवर ताण येतो. वर्षानुवर्षं गंजून पातळ झालेला पत्रा नेमका तेव्हा हार मानतो. थंडी फक्त शेवटचा धक्का देते.

बातम्यांत मात्र तोच धक्का दिसला. घरात साचलेल्या बर्फाची छायाचित्रं सगळीकडे फिरली, प्रांताच्या प्रमुखांना पदावरून हटवल्याचं ठळक छापून आलं. गारठलेल्या माणसांचे हाल दाखवायलाच हवेत. पण मला त्याहून मोलाची वाटते ती पुढे आलेली रुक्ष आकडेवारी: देशातल्या अशा ३७ केंद्रांपैकी १९ केंद्रं सरकारनेच झिजलेल्या, धोक्याच्या ‘लाल’ गटात टाकली. त्यातलं प्रत्येक केंद्र म्हणजे एक शहर, आणि तिथली बातमी अजून थंडी पडायच्या आधी देता येते.

ती शोधायची जागाही ठरलेली आहे. उन्हाळ्यात नळांत जास्त दाबाने पाणी भरून चाचणी घेतात. कच्चा नळ तेव्हाच फुटतो, कुणी गारठत नाही आणि खणून बदलायला महिने हाताशी असतात. कुठल्या रस्त्याखाली किती नळ फुटले, त्यातले किती बदलले आणि किती नुसते ठिगळ लावून बुजवले, हे जुलैत विचारता येतं.