उष्णऋतू गवतांची हिरवळ

उष्णऋतू गवतांची हिरवळ : भर उन्हाळ्यात जोमाने वाढणाऱ्या आणि थंडीत सुप्तावस्थेत जाणाऱ्या गवतांपासून केलेली हिरवळ. हरळी (सायनोडॉन डॅक्टिलॉन), झॉयशिया, सेंट ऑगस्टीन गवत, सेंटिपीड गवत व बफेलो गवत ही यांतील प्रमुख. या सर्वांत प्रकाशसंश्लेषण चार-कार्बनी मार्गाने चालते. हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड आधी चार कार्बन अणूंच्या अम्लात बांधला जातो आणि मग पानातील शिरांभोवतीच्या कोशिकांत सोडला जातो. हॅच व स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसावरील संशोधनातून हा मार्ग मांडला. या रचनेमुळे ही गवते कडक उन्हात कमी पाण्यावर तग धरतात. थंडीत मात्र लवकर मंदावतात. पानांची वाढ साधारण २७ ते ३५ अंश से. तापमानात सर्वांत चांगली होते. माती १० अंशांच्या खाली गेली की गवत पेंढ्याच्या रंगाचे होते. म्हणून या हिरवळीची कामे महिन्यांवरून ठरवण्यापेक्षा मातीच्या तापमानावरून ठरवणे अधिक भरवशाचे.

हरळीच्या मूलस्थानाविषयी एकमत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये तिचा समावेश पॅनिकम वंशात केला होता. पर्सून यांनी १८०५ मध्ये ती सायनोडॉन वंशात आणली. या वंशाची विविधता आफ्रिकेत सर्वाधिक असल्यामुळे पुष्कळ लेखक आफ्रिका हेच मूलस्थान मानतात. हार्लन व डी वेट यांनी (१९६९) मात्र जगभर पसरलेल्या प्रकाराची घडण पाकिस्तान ते तुर्कस्तान या पट्ट्यात झाली असावी, असे सुचविले. वंशाचे मूळ आणि सर्वत्र पसरलेल्या प्रकाराचे मूळ हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर ही मते परस्परांच्या फारशी आड येत नाहीत. उत्तर अमेरिकेतील प्रवेशाची तारीखही अशीच सैल आहे. गव्हर्नर हेन्री एलिस यांनी हे गवत १७५१ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया वसाहतीत सॅव्हाना येथे आणले, असे वारंवार लिहिले जाते. पण एलिस जॉर्जियाच्या कारभारावर आले ते १७५७ मध्ये. साल किंवा व्यक्ती यांपैकी काहीतरी चुकले असावे. तेव्हा अठराव्या शतकाचा मध्य, एवढेच म्हणणे सुरक्षित.

हिरवळीसाठीच्या संकरित हरळीचा इतिहास अधिक स्पष्ट आहे. ग्लेन बर्टन यांनी जॉर्जियातील टिफ्टन येथे ३६ गुणसूत्रांची सामान्य हरळी व १८ गुणसूत्रांची सायनोडॉन ट्रान्सव्हालेन्सिस यांच्या संकरांवर काम केले. त्यातून टिफग्रीन (१९५६) व टिफवे (१९६०) हे वाण आले. २७ गुणसूत्रांमुळे ते वंध्य असतात व त्यांना रुजणारे बी धरत नाही. त्यामुळे त्यांची लागवड खोडाचे तुकडे किंवा तयार गवताचे गालिचे लावूनच करावी लागते.

हिरवळीचे वर्ष शरद ऋतूपासून मोजणे उपयुक्त, कारण वसंतात दिसणारे बरेचसे नुकसान तेव्हाच ठरलेले असते. हरळीत वसंतात जे गोल मृत डाग दिसतात, ते ऑफिओस्फिरेला वंशातील बुरशीमुळे पडतात. ही बुरशी माती निवत असताना, म्हणजे शरदातच, मुळांत व मूलक्षोडांत (जमिनीखालील आडव्या खोडांत) शिरलेली असते. डाग दिसल्यावर केलेली फवारणी त्या वर्षापुरती वाया जाते. झॉयशियावरील रायझोक्टोनियाचे मोठे चट्टेही गार, ओल्या मातीत वाढतात. पहिल्या कडाक्याच्या थंडीपूर्वी सहा ते आठ आठवडे नत्र थांबवावे, कारण उशिरा फुटलेली कोवळी पालवी थंडीत सापडते. मातीपरीक्षणात कमतरता दिसली तरच पालाश द्यावे.

हिवाळ्यात करण्यासारखे थोडे आणि टाळण्यासारखे जास्त असते. पात्यांवर हिमकण असताना चालू नये. पाते गोठलेले असते, पायाखाली त्याच्या कोशिका फुटतात आणि ऊन चढल्यावर पावलांचे ठसे तपकिरी होऊन उमटतात. कोरडी थंडी लांबली तर अधूनमधून पाणी द्यावे. वाळलेले गवत मेले आहे असे अनेकजण समजतात. त्याची परीक्षा सोपी आहे. सरपटणारे एखादे खोड उचलून पेऱ्यापाशी नखाने खरवडावे. आत पांढरट-हिरवा, टणक गाभा दिसला तर ते जिवंत आहे. गाभा तपकिरी, मऊ असला आणि खोड ओढताच मुळासकट सुटून आले, तर ते गेले.

वसंताच्या प्रारंभी ५ सेंमी. खोलीवरील माती १२-१३ अंशांच्या आसपास आली की डिजिटॅरिया वंशातील तणे रुजू लागतात. उगवणपूर्व तणनाशक त्याआधी पडले पाहिजे. नत्राची मात्र घाई करू नये. डिपाओला व बिअर्ड यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी काचेआडून मुळांचे निरीक्षण केले, तेव्हा गवत हिरवे होऊ लागताच जुनी मुळे तपकिरी पडून मरताना दिसली. ही मूळझड दरवर्षी सारखी होत नाही. ऊब झपाट्याने आली की ती ठळक दिसते, हे मत अधिक ग्राह्य वाटते. काहीही असले तरी नव्या मुळांनी जम बसवण्यापूर्वी पालवीला खताने ओढून काढणे धोक्याचे आहे. पूर्ण हिरवळ आल्यावर दोन-तीन आठवडे थांबून पहिला हप्ता द्यावा. वाळलेली पाती अगदी खालून कापून टाकण्याची पद्धत हरळीला मानवते, कारण तिची मूलक्षोडे मातीत सुरक्षित असतात. सेंट ऑगस्टीन व सेंटिपीड गवतांची खोडे केवळ जमिनीवर पसरतात. ती खरवडली तर गवतच जाते.

कापणीची उंची सामान्य हरळीला २.५ ते ५ सेंमी., सेंट ऑगस्टीनला ६ ते १० सेंमी. क्रायडर यांनी १९५५ मध्ये दाखवून दिले, की निम्मा किंवा त्याहून अधिक पानोरा एकदम काढल्यास मुळांची वाढ काही काळ थांबते. एका वेळी एक-तृतीयांशाहून जास्त कापू नये हा रूढ नियम सहसा याच प्रयोगांशी जोडतात. तो थेट मोजलेला आकडा नसून निम्म्याच्या बरीच आत ठेवलेली सुरक्षित मर्यादा समजणे योग्य. हरळीला वाढीच्या काळात दर खेपेस चौरस मीटरला २.५ ते ५ ग्रॅम नत्र पुरते. सेंटिपीड गवताला वर्षभरात मिळून जवळपास तेवढेच लागते व जास्तीचे नत्र त्याला बाधते. पाणी आठवड्याला सुमारे २५ मिमी., पहाटे व खोलवर द्यावे. पाती निळसर-करडी होऊन मिटू लागली आणि पाऊल उचलल्यावर गवत दबूनच राहिले, की पाण्याची वेळ झाली.

खोडे, मुळे व मूलक्षोडे न कुजता साठून मातीवर स्पंजासारखा थर बनतो. कापलेली पाती लवकर कुजतात. या थराचा दोष त्यांना देणे चुकीचे आहे. पाचर कापून पाहावी. थर सव्वा सेंमी.हून जाड निघाला तर उभ्या पात्यांच्या यंत्राने तो विरळ करावा. मातीची नळकांडी उपसून जमीन मोकळी करण्याचे कामही वाफसा असताना व गवत जोमात असतानाच करावे, म्हणजे जखमा लवकर भरतात. हुमणी व लष्करी अळी यांचा उपद्रव उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वाढतो.

हिवाळ्यातही हिरवा रंग हवा म्हणून शरदात राय गवताचे बी टाकतात. वसंतात ते हटले नाही तर नव्याने फुटणाऱ्या मूळ गवताचा प्रकाश व पाणी अडवते. केवळ रंगासाठी दुबळ्या हिरवळीवर हा प्रयोग करू नये. विषुववृत्तालगत थंडीची सुप्तावस्था नसते. तेथे कोरड्या काळात पाण्याअभावी गवत पिवळे पडते आणि पाऊस येताच पेऱ्यांतून पुन्हा फुटते.