आतल्या गाठीची माणसं आणि एक भुवई

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागातल्या आमच्या घरातलं सामान माझे थोरले चुलते, अण्णा, यांनी रातोरात माडीवर चढवलं. प्रत्येक बोचक्याला नंबर, प्रत्येक नंबराची वहीत नोंद. पूर ओसरल्यावर वही काढली, तर चमचासुद्धा इकडचा तिकडे नव्हता. गल्लीत अजून सांगतात, "माणूस असावा तर असा. घर बुडत होतं, पण चेहऱ्यावरची रेष हलली नाही."

त्याच चेहऱ्याबद्दल काकू मला एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "ह्यांना काही सांगायला गेलं की आपणच चुकलोय असं वाटतंय बघ. मग सांगायचंच सोडलं मी."

मनावर जितका ताबा जास्त, तितकं मन निरोगी, असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. मार्शा लिनहान यांनी 1993 मध्ये पुस्तकरूपानं मांडलेली डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, म्हणजे डीबीटी, भावनांचा भडका उडणाऱ्या माणसांना आवर घालायला शिकवते. पण ज्यांचा आवर आधीच गरजेपेक्षा जास्त आहे, त्यांचं काय? टॉमस लिंच या मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी वेगळी उपचारपद्धती बांधली: रॅडिकली ओपन डीबीटी. ही माणसं काटेकोर, शब्दाला पक्की, चूक झाली तर रात्रभर तळमळणारी. आपल्या भाषेत, आतल्या गाठीची. त्यांच्यातल्या काहींना वर्षानुवर्षं न हटणारं नैराश्य असतं, काहींना अॅनोरेक्सिया, म्हणजे अन्न तोडत नेण्याचा आजार. लिंच यांच्या मते त्यांचं मूळ दुखणं एकटेपणाचं आहे. भावना आत उसळतात, पण बाहेर कळत नाहीत, आणि ज्याचं काही कळत नाही त्याच्याजवळ लोक सरकत नाहीत.

हे पटायला एक प्रयोग पुरेसा आहे. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. एकमेकींना अनोळखी असलेल्या दोन बायकांना युद्धावरची अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली आणि मग तिच्यावर बोलायला बसवलं. काही जोड्यांमध्ये एकीला गुपचूप सांगून ठेवलं होतं, की भावना चेहऱ्यावर दिसू द्यायच्या नाहीत. समोरचीला याचा पत्ताच नव्हता. तरी तिचा रक्तदाब वाढला! गप्पा नीट जमल्या नाहीत, जवळीक वाटली नाही. एकीनं चेहरा मिटला आणि दुसरीच्या रक्तवाहिन्यांनी त्याची नोंद घेतली. काकूंचं वाक्य मला या प्रयोगानंतर खऱ्या अर्थानं कळलं.

चेहऱ्याला एवढं वजन का? चेहऱ्याचे स्नायू मेंदूतून निघणारी सातवी नस, म्हणजे मज्जातंतू, हलवते. मधल्या कानातल्या स्टेपीडियस या इवल्याशा स्नायूलाही तीच नस जाते. दहावी नस, व्हेगस, घशातून आवाजाच्या स्नायूंना जाते आणि पुढे हृदयापर्यंत पोचून ठोके मंदावते. तिचे घशाकडे जाणारे आणि हृदयाला मंदावणारे बरेच तंतू मेंदूच्या देठातल्या न्यूक्लिअस अँबिग्युअस या एकाच पेशीपुंजातून निघतात. स्टीफन पोर्जेस या अमेरिकी शास्त्रज्ञांनी यावरून असं मांडलं, की सुरक्षित वाटण्याची आणि मोकळ्या चेहऱ्यानं, चढउताराच्या आवाजात बोलण्याची यंत्रणा एकच आहे. धोका वाटला की आवाज सपाट होतो, चेहरा गोठतो. पोर्जेस यांच्या सिद्धांतातल्या उत्क्रांतीच्या भागावर शरीरशास्त्रज्ञांचे कडक आक्षेप आहेत. लिंच यांनी मात्र त्यातून एक साधा प्रश्न उचलला: ही वाट उलटी चालता येईल का? चेहरा आधी हलवला तर?

इथे भुवई येते. माणसांच्या वागण्याचे अभ्यासक, ऑस्ट्रियाचे आयब्ल-आयबेसफेल्ट, लोकांना कळू न देता, आरसा बसवलेल्या, बाजूचं टिपणाऱ्या भिंगानं त्यांचं चित्रीकरण करत हिंडले. पापुआ, सामोआ, बाली, सगळीकडे त्यांना एक गोष्ट दिसली. ओळखीचं माणूस भेटलं की भुवया क्षणभर उडतात, सेकंदाचा साधारण सहावा भाग. सांगलीच्या बाजारात अर्धा तास उभं राहा, हे शेकडो वेळा दिसेल. "काय पावनं!" हे शब्द नंतर येतात, भुवई आधी बोललेली असते. अण्णांची भुवई बोलत नाही.

म्हणून या उपचारात शिकवतात: खुर्चीत जरा मागे रेला, सावकाश खोल श्वास घ्या, ओठ मिटून हसा, भुवया उचला. कुणाला हे पोरकट वाटेल, पण त्यातून समोरच्याला निरोप जातो, "ये, बस, तुझ्याशी भांडण नाही."

एवढं वाचून कुणी 'व्हेगस नस सात दिवसांत जागी करा' छापाच्या रील्सकडे वळू नये, ही कळकळीची विनंती. अक्षराचं वळण बदलून स्वभाव बदलणारे वर्गही त्याच माळेतले. काटेकोर माणूस त्यांना हमखास सापडतो, कारण स्वतःला सुधारायची त्याला कायमच घाई असते. खरा उपचार साधारण 30 आठवडे चालतो: आठवड्याला एक भेट एकट्यानं, एक वर्ग गटात. त्यालाही मर्यादा आहेत. ब्रिटनमध्ये न हटणारं नैराश्य असलेल्या 250 जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2020 मध्ये आले. 7 महिन्यांनी हा उपचार घेतलेल्यांची लक्षणं फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्ट कमी होती, पण 12 महिन्यांनी हा फरक खात्रीनं सांगण्याइतका उरला नाही. मला तरीही ही दिशा मोलाची वाटते, कारण या माणसांच्या जादा आवराकडे दुखणं म्हणून फारसं कुणी पाहत नाही.

आपल्याकडे नेमका हाच उपचार देणारा माणूस गाठ पडणं कठीण. पण मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. अडचण वेगळीच आहे. डॉक्टरांनी "कसे आहात?" विचारलं की असा माणूस "उत्तम" म्हणतो, वेळेवर उठतो आणि खुर्ची जागेवर सरकवून बाहेर पडतो. त्यामुळे घरी असतानाच एका चिठ्ठीवर लिहून घ्या: "मला कुणाशी मोकळं बोलता येत नाही." आणि खोलीत शिरल्याबरोबर, नमस्काराच्याही आधी, ती चिठ्ठी टेबलावर ठेवा.