जीपीएसची वेळ संगणकापर्यंत पोहोचवताना

संगणकातले घड्याळ क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. साध्या स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक सहज असू शकते, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १.७ सेकंदांचा फरक पडतो. एनटीपी पद्धतीने इंटरनेटवरील सर्व्हरला वेळ विचारत राहिले, तर हा फरक काही मिलिसेकंदांवर येतो आणि बहुतेकांचे काम तेवढ्यावर भागते. मात्र संदेशाला जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो, असे एनटीपी गृहीत धरते. घरगुती जोडणीत तसे नसते, आणि ती चूक कितीही वेळा विचारले तरी निघत नाही. ज्याला मायक्रोसेकंदांची अचूकता हवी, त्याला म्हणूनच आकाशाकडे वळावे लागते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अणुघड्याळांची वेळ प्रक्षेपित करतात. रिसीव्हर स्वतःचे स्थान काढताना तीन अंतरांबरोबरच आपल्या घड्याळाची चूकही चौथी अज्ञात राशी म्हणून सोडवतो, आणि त्यासाठी त्याला चार उपग्रह लागतात. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. त्यामुळे ज्या रिसीव्हरला आपली जागा काही मीटरपर्यंत कळली, त्याला वेळही काही डझन नॅनोसेकंदांपर्यंत कळलेली असते, मग तो काही शे रुपयांचा का असेना. तेव्हा रिसीव्हर निवडताना त्याला वेळ किती नेमकी कळते यापेक्षा ती त्याच्यातून बाहेर कशी पडते, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

ती दोन वाटांनी पडते. एक म्हणजे अक्षरांत लिहिलेला संदेश. ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या, वेगाने एक अक्षर जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. सत्तर अक्षरांचे वाक्य पोहोचेपर्यंत सत्तर मिलिसेकंद उलटतात, शिवाय ते वाक्य सुरू कधी होईल याचाही नेम नसतो. दुसरी वाट म्हणजे पीपीएस, अर्थात दर सेकंदाच्या आरंभी उमटणारी विजेची पल्स. कितवा सेकंद चालू आहे ते संदेशावरून समजते आणि तो नेमका कधी सुरू झाला ते पल्सवरून. संगणकाला दोन्ही हवेत.

यू-ब्लॉक्स कंपनीच्या निओ-६एम या जीपीएस चिपची पल्स ३० नॅनोसेकंदांच्या आसपास अचूक असल्याचे तिचे माहितीपत्रक सांगते. ही चिप बसवलेल्या स्वस्त पाट्यांवर (सर्किट बोर्डांवर) मात्र बहुधा चारच पिना असतात : वीज, ग्राउंड आणि संदेशाच्या दोन तारा. पल्स पाटीवर असते, पण ती फक्त दर सेकंदाला लुकलुकणाऱ्या दिव्यापर्यंत जाते. हौशी मंडळी त्या दिव्याजवळच्या तांदळाएवढ्या रोधाला (रेझिस्टरला) बारीक तार डाखून ती बाहेर काढतात. हात स्थिर नसेल, तर थोडे जास्त पैसे मोजून पीपीएसची वेगळी पिन दिलेली पाटी घ्यावी. यूएसबीत खोचायचे तयार जीपीएस या कामी टाळावेत. त्यांतल्या बहुतेकांत पल्स संगणकापर्यंत आणलेलीच नसते, आणि आणली तरी यूएसबी ठरावीक अंतराने चौकशी करत असल्यामुळे मिलिसेकंदाची अनिश्चितता उरते. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या जीपीआयओ पिनेला, म्हणजे बाहेरचे विद्युत संकेत थेट घेणाऱ्या पिनेला, पल्स जोडली, तर चूक काही मायक्रोसेकंदांवर येते.

खास वेळेसाठी बनवलेले महागडे मॉड्यूल घ्यावे का? २० आणि ३० नॅनोसेकंदांतला फरक संगणकाच्या मायक्रोसेकंदांच्या दिरंगाईत कुठल्या कुठे हरवतो, तेव्हा आकड्यांसाठी पैसे घालवू नयेत. त्या मॉड्यूलचा खरा गुण वेगळा आहे. जागा एकदा नक्की ठरवून दिली की अज्ञात राशी एकच उरते आणि एका उपग्रहावरही वेळ मिळत राहते. उंच इमारतींमधल्या बाल्कनीतून आकाशाची चिंचोळी पट्टीच दिसत असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. पावसाचा या लहरींना फारसा अडथळा होत नाही; पत्र्याचा होतो. केबलमध्ये दर मीटरला पाच नॅनोसेकंद जातात, म्हणून अँटेना वीस मीटर दूर गच्चीवर नेली तरी बिघडत नाही.

जुन्या दूरसंचार यंत्रणांतून निघालेले रिसीव्हर स्वस्त मिळतात, पण जपून घ्यावेत. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक दर १०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो, जसा तो एप्रिल २०१९ मध्ये आला; त्यामुळे जुने फर्मवेअर (रिसीव्हरमध्येच भरलेली आज्ञावली) तारीख सुमारे १९.६ वर्षे मागे दाखवू शकते.

जोडणी झाल्यावरही एक चूक हमखास होते. निओ-६एमची पल्स मुळात १०० मिलिसेकंद टिकते. पल्सच्या आरंभीच्या चढत्या कडेऐवजी शेवटची उतरती कड धरली, तर घड्याळ अतिशय स्थिरपणे, पण १०० मिलिसेकंदांनी चुकीचे चालते. नुसत्या स्थिरतेकडे पाहून हे कधीच उमगत नाही. त्यासाठी संगणकाचे घड्याळ जुळवणाऱ्या क्रोनीसारख्या प्रणालीत इंटरनेटवरचे दोन-तीन सर्व्हर साक्षीला ठेवावेत. भारतात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे सर्व्हर त्यांत घेता येतात. ते सगळेच १०० मिलिसेकंदांच्या आसपास फरक दाखवू लागले, तर आधी कड तपासावी.