हेडसेट घालून ‘लोटो’चा सराव : बुकिंगआधी वाचा

लोटो (लॉकआउट-टॅगआउट) म्हणजे मशीनमध्ये हात घालण्याआधी तिची वीज-हवा तोडून तिथे कुलूप आणि टॅग लावणं. नुसतं स्टॉप बटण दाबून मशीनमध्ये हात घालायची सवय व्याख्यानाने मोडत नाही. खऱ्या प्रेसवर चूक करून दाखवता येत नाही, व्हीआर हेडसेटमधल्या आभासी प्रेसवर येते.

आमचा धडा न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचा आहे. आयसोलेटर (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद, स्वतःचं कुलूप, टॅग, इथपर्यंत बहुतेकांना जमतं. राहते ती हवा. वीज तोडली तरी एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) पुढे ६ बार दाब कोंडलेला असतो. सोलेनॉइड व्हॉल्व्हचं (विजेवर उघडणारा हवेचा व्हॉल्व्ह) मॅन्युअल बटण कोपराने दाबलं गेलं, की सिलेंडर झटका देतो. हवा सोडण्याचाही क्रम आहे. रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) वर असेल तर आधी त्याखाली टेकू म्हणून सेफ्टी ब्लॉक, मग हवा सोडायची. उलट केलं तर रॅम स्वतःच्या वजनाने उतरतो. गेजचा काटा शून्यावर आला की स्टार्ट बटण दाबून खात्री करायची आणि सिलेक्टर स्विच परत ऑफला आणायचा. तो ऑनवर राहिला तर शेवटी वीज-हवा सुरू करताना प्रेस अचानक चालू होऊ शकतो. कोणती पायरी सुटली याची नोंद नावानिशी मिळते. ती शिक्षेसाठी वापरू नका, नाहीतर पुढची बॅच एकमेकांना विचारून उत्तरं देईल.

जागा : माणशी २ मीटर × २ मीटर मोकळी, भोवती अर्धा मीटर जास्त. डोक्यावर कमी उंचीवर लटकणारा पंखा नको, हात उंचावतोच. शॉप फ्लोअरपेक्षा कँटीन बरं, कारण ग्राइंडिंगची धूळ लेन्सवर चरे पाडते. कोऱ्या पांढऱ्या भिंतीपुढे किंवा आरशासमोर चित्र सरकू लागतं. भिंतीवर दोन-चार पोस्टर चिकटवा. हेडसेट उन्हात ठेवू नका, लेन्समधून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते.

एका माणसाला बसवणं-समजावणं ५ मिनिटं, धडा १० मिनिटं. दोन हेडसेटवर १० जण सव्वा तासात होतात. बॅटरी साधारण दोन तास टिकते, त्यामुळे लगेच दुसरी बॅच लावू नका.

चित्र अंधुक दिसत असेल तर आधी पट्टा नीट बसवा, मग डोळ्यांमधलं अंतर जुळवा. गरगरलं किंवा मळमळलं तर ‘थोडं सहन कर’ म्हणू नका. हेडसेट काढा, माणसाला खाली बसवा. मिरगी किंवा पेसमेकर असलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय हेडसेट देऊ नका. प्रत्येकामागे सिलिकॉनचं कव्हर पुसायचं. लेन्सला मात्र सॅनिटायझर लावायचा नाही, कोरडं मायक्रोफायबर कापडच.

कंट्रोलरला जाम झालेल्या व्हॉल्व्हचा जोर कळत नाही. म्हणून त्याच दिवशी, त्याच माणसाकडून, तुमच्या खऱ्या मशीनवर कुलूप लावून घ्या. बुकिंग करताना आयसोलेटर आणि एफआरएलचा फोटो पाठवा. कुलूप बसायला भोकच नसेल तर ते आधी करून घ्यावं लागेल.