पेट्रोल कंपन्यांचे जुने नकाशे आणि त्यातला बेळगावचा कोपरा

पेट्रोल भरायला आलेल्याच्या हातात रस्त्यांचा नकाशा फुकट ठेवायचा, ही मूळची अमेरिकेतली धंद्याची युक्ती. गल्फ कंपनीनं १९१३च्या डिसेंबरात पिट्सबर्गमध्ये खास मोटारींसाठी पंप उघडला आणि लवकरच तिथून आसपासच्या भागाचे नकाशे वाटायला सुरुवात केली. हिशेब सोपा होता. वाट ठाऊक असली की माणूस लांब जातो, लांब गेला की टाकी रिकामी होते. पुढची साठेक वर्षं अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांनी हेच केलं. नकाशे मात्र त्या स्वतः काढत नसत. रँड मॅकनॅली, गूशा आणि जनरल ड्राफ्टिंग या तीन छापणाऱ्या कंपन्यांकडे बहुतेक काम जाई. आत तोच नकाशा आणि वर वेगळ्या कंपनीचं मुखपृष्ठ, असंही सर्रास चाले. छापल्याचं वर्ष अनेकदा नसे, कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक सांकेतिक खूण असे. शिळा नकाशा लोकांना शिळा वाटू नये, हा त्यामागचा हेतू उघड आहे.

या धंद्यातला एक किस्सा सांगण्याजोगा आहे. नक्कल पकडता यावी म्हणून जनरल ड्राफ्टिंगवाल्यांनी १९३०च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या एका आडरस्त्यावर ‘अॅग्लो’ नावाचं गाव नुसतंच लिहून ठेवलं. काही वर्षांनी ते रँड मॅकनॅलीच्या नकाशात दिसलं. चोरी पकडली म्हणेपर्यंत कळलं, की त्या जागी खरंच त्या नावाचं दुकान उभं राहिलं होतं. दुकानदारानं नाव घेतलं होतं जनरल ड्राफ्टिंगनंच एस्सो या पेट्रोल कंपनीसाठी काढलेल्या नकाशावरून! १९७३च्या तेलसंकटानंतर मात्र फुकट नकाशांची हौस परवडेना, आणि त्या दशकातच ही प्रथा आटोपली.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. १९२८ साली बर्मा ऑइल आणि शेल यांनी भारतातल्या विक्रीसाठी बर्मा-शेल ही कंपनी काढली. स्टँडर्ड-व्हॅक्यूम आणि कॅल्टेक्स याही तीसच्या दशकातल्या. पण तेव्हाचा मोठा धंदा रॉकेलचा होता. खानापूर किंवा हुक्केरीकडच्या खेड्यात कंपनीचं नाव पोचलं ते डब्यावरून. मोटार होती संस्थानिकांकडे, साहेबलोकांकडे, एखाद्या डॉक्टरकडे किंवा निपाणीच्या तंबाखूच्या बड्या व्यापाऱ्याकडे. त्यामुळे नकाशे मुळातच थोडे निघाले, आणि त्यांत कंपन्यांच्या जोडीला मोटारमालकांच्या संघटनाही होत्या. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन १९१९पासूनची. संग्राहकानं पंपाच्या खुणेपुरतं न थांबता ही संघटनांची मार्गपत्रकंही ठेवावीत, असं मला वाटतं. वाटेची माहिती त्यांत बऱ्याचदा जास्त असते.

आता बेळगावकडे. जुन्या नकाशाचं वय ओळखायला हा कोपरा फार उपयोगी पडतो, कारण इथल्या रेषा गेल्या शतकात इतक्यांदा हलल्या. रस्ता मोठ्या मानानं तोच राहिला: कोल्हापूर, कागल, निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, बेळगाव, पुढे धारवाड. त्याच्या दोन्ही बाजूंचे रंग बदलत गेले.

स्वातंत्र्याआधीच्या नकाशात या वाटेवर ठिगळं दिसतात. कागल कोल्हापूर संस्थानात, निपाणी ब्रिटिश मुलखात, आणि बेळगावला खेटून असलेलं शहापूर सांगली संस्थानात. सांगलीसह दख्खनची बहुतेक संस्थानं मार्च १९४८मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली, कोल्हापूर वर्षभरानं, १ मार्च १९४९ला. म्हणजे कोल्हापूरचा रंग वेगळा आणि सांगलीचा पुसलेला असा नकाशा मिळाला, तर त्याची माहिती त्या एका वर्षातली आहे.

पुढची खूण चंदगडची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण चंदगड तालुका मागे राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. चंदगड बेळगाव जिल्ह्यात असेल तर नकाशा त्याआधीचा. बेळगाव म्हैसूरमध्ये आणि उत्तरेला ‘मुंबई’ राज्य असेल, तर १९५६ ते १९६०. ‘महाराष्ट्र’ आणि ‘म्हैसूर’ शेजारी शेजारी असतील, तर मे १९६० ते ऑक्टोबर १९७३; त्यानंतर म्हैसूरचं नाव कर्नाटक झालं. नैऋत्येला गोवा आहेच. अनमोड घाटाच्या पलीकडे परदेशाची हद्द दाखवली असेल तर नकाशा डिसेंबर १९६१च्या आधीचा. असे नकाशे मला सगळ्यांत मोलाचे वाटतात. लोंढ्याकडून घाटाकडे जाणारा रस्ता त्यांत ठळक काढलेला असतो, पण १९५५च्या सुमारास ती हद्द जवळपास बंदच झाली होती. त्या वाटेवर पेट्रोल खपणार नाही हे कंपनीलाही ठाऊक असणार.

दोन खुणा समासात शोधाव्यात. भारताच्या समुद्री हद्दीबद्दलचं ठरावीक वाक्य बहुतेक नकाशांवर असतं. त्यात सहा सागरी मैल असतील तर १९५६ ते १९६७, बारा असतील तर नंतरचा. आणि अंतरं मैलांत की किलोमीटरांत, हे पाहावं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रस्त्यांवर किलोमीटर आले, पण छापणारे काही काळ दोन्ही आकडे देत राहिले, त्यामुळे ही खूण जरा ढिली.

मुखपृष्ठही बोलतं. स्टँडर्ड-व्हॅक्यूमचा इथला कारभार १९६२मध्ये एस्सोकडे आला आणि १९७४मध्ये सरकारनं तो घेतला. त्यातून हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. बर्मा-शेल जानेवारी १९७६मध्ये सरकारकडे गेली आणि पुढच्या वर्षी तिचं नाव भारत पेट्रोलियम पडलं. कॅल्टेक्सही त्याच सुमारास गेली आणि १९७८मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये मिसळली. म्हणून ‘कर्नाटक’ लिहिलेला आणि वर एस्सोचं चिन्ह असलेला नकाशा निघालाच, तर तो जेमतेम काही महिन्यांच्या अवधीतला. मी अजून पाहिलेला नाही. राष्ट्रीयीकरणानंतर जुनी चिन्हं पंपांवरून उतरली, आणि जुन्या नावांचे कागद रद्दीत गेले असतील तर त्यात नवल नाही.

सीमाभागात असा नकाशा चारचौघांत उघडला की चर्चा ठरलेल्या दिशेनं जाते. बोट बेळगाववर पडतं आणि कुणीतरी विचारतंच, ‘यात कुठं दाखवलंय?’ उत्तरात फार अर्थ नाही. कंपनीनं राज्यांच्या रेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावरून उतरवलेल्या असतात, तिचं स्वतःचं मत त्यात नसतं. शिवाय वाद गावांचा आहे. महाजन आयोगानं १९६७मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं तेव्हाच्या म्हैसूरला द्यायची शिफारस केली, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. महाराष्ट्रानं ते मानलं नाही आणि २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. पेट्रोल कंपनीच्या नकाशात निपाणी असते, संकेश्वर असतं, खानापूर असतं. बेळगावजवळचं, या वादातलं येळ्ळूर शोधून बघा. ज्या गावात पंप नाही आणि ज्यातून हमरस्ता जात नाही, ते गाव कंपनीच्या लेखी नव्हतंच.

नव्या मंडळींची फसगत होते ती क्रमांकांत. आपला चार नंबरचा हायवे २०१०च्या फेररचनेत ४८ झाला आणि गोव्याकडचा ४-ए झाला ७४८. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४पासून बेळगावी. एवढ्या गोष्टी माहीत असल्या की ‘जुना’ म्हणून विकायला ठेवलेली अलीकडची छपाई ओळखता येते. जुन्या नकाशाचीच हुबेहूब नक्कल असेल, तर घड्यांकडे बघा: मूळ नकाशात कागद घडीवर खरोखर झिजलेला असतो, नकलेत झिजल्याचं चित्र छापलेलं असतं. बोट फिरवलं की कळतं.

पेन्सिलीच्या खुणा असलेला नकाशा बरेच संग्राहक बाजूला टाकतात. मी उलट तोच आधी उचलतो. संकेश्वरला केलेला गोल, आंबोलीच्या अलीकडे लिहिलेलं ‘टायर’, समासात मांडलेला गॅलनचा हिशेब, हे कोऱ्या प्रतीत कुठून मिळणार?

बेळगावच्या पावसाळ्यात कागद सांभाळणं हे वेगळंच काम आहे. जूनपासून हवा ओली असते, बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. नकाशा घडी उलगडून सपाट ठेवावा, मध्ये आम्लमुक्त कागद घालावा, कपाट भिंतीपासून जरा पुढे ओढावं. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून छपाईत उतरतो. लॅमिनेशन तर कधीच नको, ते परत काढता येत नाही. तसं केलेला नकाशा मी विकत घेत नाही, मग तो बर्मा-शेलचा का असेना.